दक्षिण अमेरिकेतील देशांच्या वार्षिक महागाई दरांची तुलना कशी करावी

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा ब्राझीलमध्ये पीक कसे आहे आणि अर्जेंटिनातून तेल किती निघाले, याची चर्चा आता कोणालाही नवी वाटत नाही. भारतात आयात होणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा भाग याच दोन देशांतून येतो आणि त्याचा परिणाम आपल्या उदगीर-औशाच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर होतो. त्यामुळे मराठवाड्यातील अर्थशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी दक्षिण अमेरिकेची निवड करतात, हे मला स्वाभाविक वाटते. मात्र तपासायला आलेल्या अशा प्रकल्पांत एक चूक मला वारंवार दिसली आहे. तक्त्यात सगळ्या देशांचे महागाई दर एकाखाली एक नीट मांडलेले असतात. परंतु एका देशाचा आकडा वर्षाच्या सरासरीचा, दुसऱ्याचा डिसेंबरचा, तर तिसऱ्याचा केवळ अंदाज असतो. एका दुकानदाराने ज्वारी पायलीने मोजावी, दुसऱ्याने किलोने तोलावी आणि आपण दोघांचे भाव शेजारी लिहून कोण स्वस्त ते ठरवावे, तसाच हा प्रकार आहे. ही चूक टाळून तुलना कशी करावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी देशांची यादी

दक्षिण अमेरिकेत बारा स्वतंत्र देश आहेत: अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, कोलंबिया, इक्वेडोर, गयाना, पराग्वे, पेरू, सुरिनाम, उरुग्वे आणि व्हेनेझुएला. फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग असल्यामुळे त्याची स्वतंत्र ओळ करू नये. ही यादी स्वतः कागदावर लिहून घ्यावी, कारण आंतरराष्ट्रीय संस्थांच्या माहितीसंचांत 'दक्षिण अमेरिका' हा गट बहुधा मिळत नाही. मिळतो तो 'लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन' हा गट, आणि त्यात मेक्सिकोपासून जमैकापर्यंतचे देश येतात. त्या गटाची सरासरी उचलून तिला खंडाची सरासरी म्हणणे चुकीचे ठरते. आफ्रिका निवडणाऱ्यांनी तर याहून अधिक सावध राहावे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी सुदानला मध्यपूर्वेच्या गटात धरतो, तर जागतिक बँक त्याच सुदानला सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत धरते.

दर कोणत्या प्रकारचा, हे ठरवणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, असा माझा आग्रह आहे. 'वार्षिक महागाई दर' या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी छापल्या जातात. पहिली म्हणजे वर्षअखेरचा दर: या डिसेंबरचा ग्राहक किंमत निर्देशांक (घरखर्चातील वस्तू-सेवांच्या भावांचे एकत्रित माप) मागच्या डिसेंबरच्या निर्देशांकापेक्षा किती टक्क्यांनी वाढला. दुसरी म्हणजे सरासरी दर: या वर्षाच्या बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी मागच्या वर्षाच्या बारा महिन्यांच्या सरासरीपेक्षा किती टक्क्यांनी वाढली. भाव संथपणे आणि एकाच गतीने वाढत असतील तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, आणि म्हणूनच हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

अर्जेंटिनाकडे पाहिले की हा फरक किती मोठा होऊ शकतो ते कळते. तेथे वर्षअखेरचा दर २०२३ मध्ये २११.४ टक्के आणि २०२४ मध्ये ११७.८ टक्के होता, म्हणजे महागाईचा वेग जवळपास निम्म्यावर आला. त्याच दोन वर्षांचा सरासरी दर मात्र १३३.५ टक्क्यांवरून २१९.९ टक्क्यांवर गेला, म्हणजे महागाई भडकली. दोन्ही आकडेवाऱ्या खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच निर्देशांकातून निघालेल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने पेसोचे अवमूल्यन केले. एका डॉलरला सुमारे ३६६ पेसो मिळत होते, ते ८०० मिळू लागले, आणि त्या एका महिन्यात भाव २५.५ टक्क्यांनी चढले. ही उडी वर्षाच्या अगदी शेवटी आल्यामुळे २०२३ च्या बारामाही सरासरीत तिचा हिस्सा थोडा राहिला; २०२४ चे सगळेच महिने मात्र त्या उंचावलेल्या पातळीवरून सुरू झाले. त्यामुळे सरासरी दराने ती उडी २०२४ च्या खात्यात टाकली, तर वर्षअखेरच्या दराने ती २०२३ च्या खात्यात टाकली. ज्या विद्यार्थ्याने २०२३ साठी एक प्रकार आणि २०२४ साठी दुसरा प्रकार घेतला, त्याला १३३.५ वरून ११७.८ असा, प्रत्यक्षात कधीच न घडलेला संथ उतार दिसेल.

कोणता प्रकार निवडावा, हे प्रश्नावर अवलंबून आहे. मजुरी, पेन्शन किंवा कुटुंबाचा वर्षभराचा खर्च यांचा विचार करायचा असेल तर सरासरी दर घ्यावा, कारण माणूस बाराही महिने खातो. धोरणाचा परिणाम केव्हा दिसू लागला, हे तपासायचे असेल तर वर्षअखेरचा दर घ्यावा. एकदा निवड केली की बाराही देशांना आणि सर्व वर्षांना तीच लावावी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 'वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक' या माहितीसंचात, जो दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध होतो, दोन्ही मालिका स्वतंत्रपणे दिलेल्या असतात: एक सरासरी ग्राहक किमतींची आणि दुसरी कालावधीअखेरच्या ग्राहक किमतींची. जागतिक बँकेच्या विकास निर्देशकांत जो वार्षिक दर सर्वत्र वापरला जातो, तो सरासरीचा असतो. उलट ब्राझील, कोलंबिया, पेरू अशा देशांतील वृत्तपत्रे 'यंदाची महागाई' म्हणून डिसेंबरचा आकडा छापतात. म्हणून अर्धा तक्ता जागतिक बँकेतून आणि अर्धा बातम्यांतून भरला की तो तक्ता तेथेच बिघडला, असे समजावे.

मूळ स्पॅनिश पत्रके उघडणाऱ्यांनी तीन शब्द ओळखून ठेवावेत. 'मेन्सुआल' म्हणजे मागील महिन्याच्या तुलनेतील बदल, 'इंतेरआनुआल' म्हणजे मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेतील बदल, आणि 'आकुमुलादा' म्हणजे चालू वर्षाच्या जानेवारीपासून आजवरची एकूण वाढ. जुलैचा 'आकुमुलादा' आकडा सातच महिन्यांचा असतो. डिसेंबरला मात्र तो आणि 'इंतेरआनुआल' एकच होतात. मासिक दराला बाराने गुणून वार्षिक दर काढण्याची सवयही सोडावी. महिना २५.५ टक्के हा वेग वर्षभर टिकला असता, तर गुणाकाराने ३०६ टक्के येतात. प्रत्यक्षात मात्र भाव सुमारे सव्वापंधरा पट झाले असते, कारण प्रत्येक महिन्याची वाढ आधीच वाढलेल्या भावावर चढते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाच्या गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावे लागू नये, तरी ही चूक होतेच.

आकडे उतरवून घेताना

स्प्रेडशीटमध्ये देश, वर्ष आणि दर या तीन स्तंभांवर थांबू नये. दराचा प्रकार, निर्देशांकाची व्याप्ती, आकडा प्रत्यक्ष आहे की अंदाज, तो कोठून घेतला आणि कोणत्या तारखेला घेतला, यांचेही स्तंभ असावेत. नाणेनिधीच्या फाइलमध्ये प्रत्येक देशासमोर 'यानंतरचे आकडे अंदाज आहेत' अशा अर्थाची एक वर्षाची नोंद असते आणि ते वर्ष प्रत्येक देशासाठी वेगळे असू शकते. हा स्तंभ फाइलच्या अगदी उजव्या टोकाला असल्यामुळे पुष्कळदा पाहिलाच जात नाही, आणि मग येणाऱ्या वर्षाचा अंदाज झालेल्या महागाईसारखा छापला जातो.

आणखी एक साधी, पण नुकसान करणारी गोष्ट आहे. ब्राझील, अर्जेंटिना, चिली, कोलंबिया या देशांच्या फाइलींमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजाराच्या जागी टिंब असते. तेथील '४,८३' म्हणजे आपले ४.८३. आपल्याकडील संगणक तो आकडा कधी मजकूर समजतो, तर कधी ४८३ करून टाकतो. म्हणून फाइल उघडल्यावर लगेच सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा काढून पाहावा. उरुग्वेसमोर ५४९ टक्के दिसले, तर ती महागाई नसून हरवलेला स्वल्पविराम आहे.

निर्देशांकाची मूळ मासिक मालिका मिळत असेल, तर दर स्वतः काढणे चांगले. यंदाच्या निर्देशांकाला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निर्देशांकाने भागावे, त्यातून एक वजा करावा आणि शंभराने गुणावे. देशांची आधार वर्षे (ज्या वर्षाचा निर्देशांक १०० धरला जातो ती वर्षे) वेगवेगळी असली तरी या दरात फरक पडत नाही, कारण भागाकारात आधार वर्ष गळून पडते. फरक पडतो तो टोपली, म्हणजे निर्देशांकात धरलेल्या वस्तू-सेवांची यादी, बदलल्यावर. अर्जेंटिनाच्या निर्देशांकाचा आधार डिसेंबर २०१६ असला तरी त्यातील भारांक, म्हणजे एकूण खर्चात प्रत्येक वस्तूला दिलेला वाटा, २००४-०५ च्या कुटुंबखर्च पाहणीवर बेतलेले होते. चिलीने मात्र २०२३ आधार असलेली नवी टोपली घेतली आहे. आधार वर्ष नवे म्हणून टोपली नवी, असे गृहीत धरू नये.

निर्देशांक कोणाचा खर्च मोजतो

आपल्याकडे औद्योगिक कामगारांचा निर्देशांक वेगळा, शेतमजुरांचा वेगळा आणि ग्रामीण-शहरी-संयुक्त असा राष्ट्रीय निर्देशांक वेगळा असतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता पहिल्यावरून ठरतो आणि रिझर्व्ह बँकेचे महागाई आटोक्यात ठेवण्याचे उद्दिष्ट शेवटच्यावर ठरते. दक्षिण अमेरिकेतही असेच भेद आहेत. ब्राझीलची सांख्यिकी संस्था दोन निर्देशांक काढते. एकात किमान वेतनाच्या १ ते ४० पट उत्पन्न असलेली शहरी कुटुंबे येतात आणि मध्यवर्ती बँकेचे उद्दिष्ट त्यावरच ठरते. दुसऱ्यात १ ते ५ पट उत्पन्न असलेली, म्हणजे पगारावर जगणारी साधी कुटुंबे येतात. तुलनेसाठी पहिला घ्यावा, कारण आंतरराष्ट्रीय तक्त्यांत तोच असतो. मात्र गरिबांवरील भार हा विषय असेल तर दुसराही शेजारी ठेवावा. पेरूमध्ये मध्यवर्ती बँकेचे उद्दिष्ट लिमा महानगराच्या निर्देशांकावर बेतलेले आहे आणि बातम्यांत तोच झळकतो. पराग्वेमध्ये हे काम सांख्यिकी कार्यालयाऐवजी मध्यवर्ती बँकच करते आणि भाव राजधानी आसुन्सियोन आणि तिच्या परिसरातून गोळा होतात. एका महानगराचा आकडा संपूर्ण देशाचा म्हणून घेताना तक्त्याखाली तशी टीप द्यावी. नुसत्या छत्रपती संभाजीनगरच्या भावांवरून सबंध मराठवाड्याची महागाई सांगितली, तर किनवटचा किंवा भूमचा माणूस ती मान्य करणार नाही.

टोपलीतील भारांकांमुळे सारखे दिसणारे दरही आतून वेगळे असतात. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचा दर ५.२२ टक्के आणि कोलंबियाचा ५.२० टक्के होता. परंतु भारताच्या २०१२ आधार वर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भारांक ४५.८६ टक्के होता आणि त्या महिन्यात अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई ८.३९ टक्के होती. कोलंबियात मात्र घरभाडे आणि शिक्षणाचा खर्च एकूण दराच्या पुढे धावत होता. एकूण दर तोच असूनही तो सोसणारे घर वेगळे होते. म्हणून शक्य असेल तेथे एकूण दराशेजारी अन्नाचा दर आणि अन्नाचा भारांक, असे दोन स्तंभ जोडावेत. मराठवाड्यातील वाचकाला त्यातूनच काही बोध होईल, असे माझे मत आहे.

भारताची ओळ जोडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाची सरासरी सांगण्याची पद्धत आहे. २०२४-२५ ची ती सरासरी ४.६ टक्के होती. दक्षिण अमेरिकेतील देशांचे आकडे जानेवारी ते डिसेंबरचे असल्यामुळे ही सरासरी त्या तक्त्यात बसत नाही.

एका वर्षावर निकाल देऊ नये

डिसेंबर २०२४ चा वर्षअखेरचा दर बोलिव्हियात ९.९७ टक्के आणि ब्राझीलमध्ये ४.८३ टक्के होता. एवढेच पाहिले तर बोलिव्हियातील माणूस ब्राझीलच्या माणसापेक्षा दुप्पट महागाईत सापडलेला दिसतो. आता मागची दोन वर्षे जोडू. बोलिव्हियाचे दर २०२२ मध्ये ३.१२ आणि २०२३ मध्ये २.१२ टक्के होते; ब्राझीलचे ५.७९ आणि ४.६२ टक्के. दर बेरजेने जोडायचे नसतात, गुणाकाराने जोडायचे असतात. बोलिव्हियासाठी १.०३१२ × १.०२१२ × १.०९९७ = १.१५८, आणि ब्राझीलसाठी १.०५७९ × १.०४६२ × १.०४८३ = १.१६०. तीन वर्षांत दोन्ही देशांतील भाव सुमारे १६ टक्क्यांनीच वाढले होते! फरक वाढीच्या मार्गात होता. बोलिव्हियाने २०११ पासून डॉलरचा अधिकृत विक्रीदर ६.९६ बोलिव्हियानोवर रोखून धरला होता आणि इंधनाला अनुदान दिले होते, त्यामुळे भाव बरीच वर्षे दबून राहिले. नैसर्गिक वायूच्या निर्यातीचे उत्पन्न घटून डॉलरची टंचाई झाली, तेव्हा दाबलेले भाव वर आले. ब्राझीलमध्ये ते दरवर्षी थोडेथोडे वाढत गेले.

याच पद्धतीने २०२२ ते २०२४ या तीन वर्षांसाठी इक्वेडोरची एकूण वाढ ५.७ टक्के येते, पेरूची १४.२, चिलीची २२.५ आणि कोलंबियाची ३० टक्के. इक्वेडोर २००० सालापासून अमेरिकी डॉलर हेच चलन वापरतो आणि त्याचा दर सर्वांत खाली राहण्यामागे हे मोठे कारण आहे. अर्जेंटिनासाठी मात्र बेरीज आणि गुणाकार यांतील अंतर डोळे विस्फारायला लावणारे आहे: ९४.८, २११.४ आणि ११७.८ यांची बेरीज ४२४ टक्के होते, तर गुणाकाराने भाव १३.२ पट होतात, म्हणजे १,२२१ टक्क्यांची वाढ.

खंडाची सरासरी आणि आलेख

डिसेंबर २०२४ च्या वर्षअखेरच्या दरांत पराग्वेचे ३.८, चिलीचे ४.५, उरुग्वेचे ५.४९, पेरूचे १.९७ आणि इक्वेडोरचे ०.५३ टक्के, तसेच वर आलेले अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील आणि कोलंबियाचे आकडे घेतले, तर या नऊ देशांची साधी सरासरी १७.१ टक्के येते. या नऊपैकी एकाही देशाची महागाई १७ टक्क्यांच्या आसपास नव्हती. आठ देश दहा टक्क्यांच्या खाली होते आणि एक शंभराच्या वर. येथे मध्यक वापरावा: नऊ दर चढत्या क्रमाने लावल्यावर पाचवा येणारा ब्राझीलचा ४.८३ टक्के. आलेख काढतानाही सरळ मापाचा अक्ष घेतला तर अर्जेंटिनाचा स्तंभ छताला लागतो आणि बाकीचे देश जमिनीला चिकटतात. म्हणून लॉगरिदमिक अक्ष (ज्यावर १, १०, १०० यांच्यातील अंतर सारखे असते) वापरावा किंवा अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला यांचा आलेख वेगळा काढावा, आणि तसे केल्याचे स्पष्ट लिहावे.

ज्या आकड्यांवर विसंबता येत नाही

काही वेळा अडचण गणिताची नसून विश्वासाची असते. अर्जेंटिनाच्या सांख्यिकी संस्थेत २००७ पासून राजकीय हस्तक्षेप झाला आणि त्यानंतरची काही वर्षे अधिकृत दर दहा टक्क्यांच्या आसपास राहिला, तेव्हा खासगी अंदाज त्याच्या दुप्पट किंवा अधिक होते. नाणेनिधीने फेब्रुवारी २०१३ मध्ये या आकडेवारीबद्दल अर्जेंटिनाची औपचारिक निंदा केली आणि ती नोव्हेंबर २०१६ मध्ये मागे घेतली. त्यामुळे २००७ ते २०१५ या काळातील अर्जेंटिनाची ओळ इतर देशांबरोबर त्याच रंगात छापू नये. व्हेनेझुएलाच्या मध्यवर्ती बँकेने २०१५ नंतर नियमित प्रकाशन थांबवले आणि मे २०१९ मध्ये साठलेले आकडे एकदम जाहीर केले. त्यांत २०१८ चा दर १,३०,०६० टक्के होता, तर नाणेनिधीचा अंदाज दहा लाख टक्क्यांच्याही पुढे होता. त्या देशाने २००८, २०१८ आणि २०२१ मध्ये चलनावरून अनुक्रमे तीन, पाच आणि सहा शून्ये काढली, म्हणून तेथील जुने भाव नव्या भावांशी जोडण्याआधी शून्यांचा हिशेब करावा लागतो. जेथे आकडा नाही तेथे आडवी रेघ मारावी. शून्य लिहिले तर संगणक त्याला 'महागाई नाही' असे समजून सरासरीत धरतो.

प्रकल्प सादर करताना परीक्षकांकडून हमखास येणारा प्रश्न असा असतो की, ज्या देशाचा महागाई दर जास्त, तो देश महाग का? तसे नाही. दर भाव किती वेगाने वाढले ते सांगतो, भाव किती आहेत ते सांगत नाही. भावांच्या पातळीची तुलना करायची असेल तर क्रयशक्ती समतेचे आकडे, म्हणजे तीच खरेदी करायला कोणत्या देशात किती पैसे लागतात ते सांगणारे आकडे, घ्यावे लागतात, आणि ते जागतिक बँकेच्या समन्वयाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमातून मिळतात. सोयाबीन तेलाबद्दलही हेच ध्यानात ठेवावे: अर्जेंटिनातील भाव पेसोत तेरा पट झाले म्हणून आपल्याकडे येणारे तेल तेरा पट महागत नाही, कारण त्याचा सौदा डॉलरमध्ये होतो.

नाणेनिधीची नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षांचे काही आकडेही सुधारले जातात. म्हणून एप्रिलमध्ये उतरवलेली फाइल ऑक्टोबरमध्ये पुसून तिच्यावर नवी लिहू नये. दोन्ही आपापल्या तारखेच्या नावाने जपून ठेवाव्यात आणि जे आकडे बदलले त्यांच्यासमोर जुना आकडाही लिहून ठेवावा.